कुलूपबंद नव्वदी

सप्टेंबर १९९९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणारं ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक ब्लर, केमिकल ब्रदर्स, अंडरवर्ल्ड अशा बड्या मंडळींना मागे टाकून तलविन सिंग या लंडनच्या तबलावादकाने पटकावलं. अल्बमचं नाव ‘ओके’. त्याच्या दीड वर्ष आधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, कॉर्नरशॉप या गटाचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं नॉर्मन कुक या डीजेच्या रिमिक्समुळे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंच्या नावाचा परमुलखात असा जयघोष झाला, म्हणून आपल्याला त्याचं जरा जास्तच अप्रूप. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई पोरांनी केलेल्या संगीताचा विषय निघाला की बहुतेकांची माहिती या दोन नावांपाशी संपते.

मर्क्युरीच्या त्याच वर्षीच्या नामांकनांत लीड्सचा ब्लॅक स्टार लायनर हाही गट होता. ‘बंगाली बॅंटम यूथ एक्स्पीरियन्स!’ हा त्यांचा अल्बम. डब या रेगेतून निघालेल्या शैलीचा जडशीळ बेस, त्यावर सतार, हिंदी सिनेमाच्या वळणाची व्हायोलिनं आणि मधूनच स्वतःची टर उडवणारा सूर. माझ्या कानाला तो ‘ओके’पेक्षा खट्याळ आणि धीट वाटतो. ‘ओके’ सुंदर आहे, पण जरा इस्त्रीचा आहे. हे मत कुणीही खोडून काढावं, माझी हरकत नाही. मात्र त्यासाठी दोन्ही अल्बम धड ऐकायला मिळायला हवेत, आणि घोडं तिथेच अडतं.

अशा गटांबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: जे चांगलं होतं ते टिकलं, बाकीचं काळाने गाळलं. मला हे वाक्य आळशी वाटतं. काळ काही गाळत बसत नाही. करार, कंपन्यांची खरेदी-विक्री, वितरकांची दिवाळखोरी आणि कॉपीराइटचा कायदा हे सगळे मिळून गाळतात, आणि त्यांच्या गाळण्याचा संगीताच्या दर्जाशी फारसा संबंध नसतो. म्हणून डावलल्या गेलेल्या संगीताचा प्रश्न रसिकतेचा नसून कायद्याचा आहे, आणि तो कायद्यानेच सुटेल, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या संगीताकडे नीट बघू. सप्टेंबर १९९३ मध्ये पूर्व लंडनच्या मिलवॉल वॉर्डातून बीएनपी या वंशवादी पक्षाचा पहिला नगरसेवक निवडून आला. बांगलादेशी वस्तीत दगडफेक, मारहाण नित्याचीच होती. त्याच वर्षी फॅरिंग्डनमधल्या ‘कम्युनिटी म्युझिक’ या संस्थेच्या कार्यशाळेत शिकवणारे अनिरुद्ध दास, त्यांना मदत करणारे जॉन पंडित आणि तिथे शिकायला आलेला दीदार झमान हा पोरगा एकत्र आले, आणि एशियन डब फाउंडेशन उभं राहिलं. त्यांचा पहिला अल्बम १९९५ मध्ये नेशन रेकॉर्ड्सने काढला. नेशन हे अकी नवाझ आणि कॅथ कॅनोव्हिल यांनी १९८८ मध्ये सुरू केलेलं छोटं लेबल. अकीचा स्वतःचा फन-डा-मेंटल हा गट आणि ट्रान्सग्लोबल अंडरग्राउंड हेही तिथलेच. यातलं बरंच संगीत तेव्हाच्या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांना कुठल्या खणात टाकावं ते कळत नव्हतं. मग १९९७ च्या सुमारास ‘एशियन अंडरग्राउंड’ असा खण सापडला आणि रॅपपासून ध्यानसंगीतापर्यंत सगळं त्यात कोंबलं गेलं. आत बसवलेल्यांपैकी अनेकांना ते नाव खटकायचं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. गिटार वाजवणाऱ्या गोऱ्या पोरांच्या सगळ्या गटांना आजी-आजोबांच्या देशावरून एकच नाव कुणी दिलं नव्हतं.

त्या नावाचा उगम एका क्लबात आहे. हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबात तलविन सिंग आणि स्वीटी कपूर सोमवारी ‘अनोखा’ नावाची रात्र चालवत. सोमवार म्हणजे क्लबवाल्यांचा मरगळलेला वार, तो या पोरांच्या वाट्याला आला. तिथल्या संगीताचा ‘अनोखा’ हा संग्रह १९९७ मध्ये निघाला, आणि ‘एशियन अंडरग्राउंड’ हे शब्द त्याच्या उपशीर्षकातच होते. त्यात स्टेट ऑफ बेंगॉल या नावाने सॅम झमान यांचं ‘फ्लाइट आयसी ४०८’ आहे. आयसी म्हणजे आपल्या तेव्हाच्या इंडियन एअरलाइन्सची खूण. सॅम हे एशियन डबमधल्या दीदारचे थोरले भाऊ. एका घरातले दोन भाऊ, एक संसदेला शिव्या घालणारं रॅप करणारा, दुसरा विमानाच्या नंबरावर नाचायला लावणारा.

हे संगीत तयार कसं व्हायचं, त्याची थोडी कल्पना असली तर त्याची किंमत कळते. तेव्हा घरगुती स्टुडिओत अकाई कंपनीच्या एस-९५० सारखा सॅम्पलर असायचा, म्हणजे रेकॉर्डवरून आवाजाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, उचलून साठवणारं यंत्र. त्याची मूळ मेमरी एक एमबीसुद्धा नव्हती. त्यात जेमतेम काही सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून पोरं युक्ती करायची: मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची रेकॉर्ड ४५ वर लावायची, आवाज घाईघाईने आत घ्यायचा आणि मग सॅम्पलरमध्ये तो खाली उतरवून मूळ गतीला आणायचा. मेमरी वाचायची, पण आवाजाला एक खरखरीत, दाणेदार पोत यायचा. तबल्याचे बोल सुटे कापून कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे, एका पट्टीवर ‘धा’, दुसरीवर ‘ना’, तिसरीवर अख्खं ‘तिरकिट’. डग्ग्याचा घुमारा आणखी खाली उतरवला की त्याचाच बेस व्हायचा. ‘जंगल’ या तेव्हाच्या क्लबातल्या नाच-संगीताची लय मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर पळते. द्रुत तीनताल ऐकत वाढलेल्या कानाला ती परकी वाटत नाही, आणि हे ज्यांना पहिल्यांदा सुचलं त्यांच्या घरी दोन्ही वाजत होतं. पुढे कॉफीच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या लॉबीत वाजणाऱ्या ‘चिल-आउट’ संग्रहांनी याच युक्तीचा पार चोथा केला. तबल्याचं एक लूप, वर कुणाचा तरी आलाप, झालं काम. त्या चोथ्यावरून मूळ रसाची परीक्षा केली जाते, हे दुखणं वेगळंच.

मुंबईशी या मंडळींचं नातं केवळ सॅम्पलपुरतं नव्हतं. बॅडमार्श अँड श्री या जोडीतला श्री मुंबईहून लंडनला गेलेला, हाताशी तबल्याचं शिक्षण आणि बिनपडद्यांचं बेस गिटार. १९९८ चा त्यांचा ‘डान्सिंग ड्रम्स’ आजही ऐकायला ताजा आहे. आणि जॉय. हारून आणि फारूक शमशेर हे पूर्व लंडनमधले दोन भाऊ ऐंशीच्या दशकापासून ‘जॉय बांगला’ या नावाने साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवण्याचा ताफा, चालवत होते, म्हणजे ‘अनोखा’च्या कितीतरी आधी. त्यांचा पहिला मोठा अल्बम यायला १९९९ उजाडलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हारून गेला. बांगलादेशात फिरून त्याने गाणारे-वाजवणारे टेपवर घेतले होते. फारूकने त्या टेपांवरून ‘वुई आर थ्री’ हा अल्बम २००० मध्ये पुरा केला. दोन भावांच्या गटाच्या अल्बमचं नाव ‘आम्ही तिघं’. तो ऐकताना मला अजूनही मध्येच थांबावं लागतं.

ही टेप म्हणजे डॅट. बोटभर कॅसेटीत डिजिटल आवाज. नव्वदीतल्या छोट्या स्टुडिओंचे बहुतेक मास्टर, म्हणजे मूळ मुद्रणं, याच टेपवर आहेत. सोनीने डॅटची यंत्रं बनवणं २००५ मध्ये थांबवलं. टेपला बुरशी लागते, वाजवायला चालू स्थितीतलं यंत्र मिळत नाही, आणि टेप नेमकी कुणाच्या माळ्यावर आहे ते लेबलालाही ठाऊक नसतं. सॅम्पलरमधले आवाज ज्यांवर साठवायचे, त्या फ्लॉपींची गत याहून वाईट.

त्यात वितरकांचा गोंधळ. ब्रिटनमधली रफ ट्रेड डिस्ट्रिब्यूशन १९९१ मध्ये बुडाली, पिनॅकल २००८ च्या डिसेंबरात. वितरक बुडाला की छोट्या लेबलांचे पैसे बुडतात, मग लेबल बुडतं, मग त्याचा कॅटलॉग भंगाराच्या भावाने कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडे जातो. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या दंगलीत एनफील्डचं सोनीचं गोदाम जळलं. त्यात दीडशेहून जास्त स्वतंत्र लेबलांचा माल होता. ज्यांच्याकडे पुन्हा छापायला पैसे होते त्यांनी छापला.

हा फक्त वर्णद्वेषाचा परिणाम आहे, असं मला म्हणायचं नाही. एसेक्समधला डिस्को इन्फर्नो हा गोऱ्या पोरांचाच गट. त्यांनी गिटार सॅम्पलरला जोडली होती. तार छेडली की पाण्याचा नाही तर पक्ष्यांचा आवाज यायचा, आणि त्या आवाजांतून ते गाणं रचायचे. १९९२ ते १९९४ या काळात त्यांच्या पाच ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, निघाल्या. त्या एकत्र मिळायला २०११ उजाडलं. अमेरिकेतला डे ला सोल तर गाजलेला गट, पण सॅम्पलच्या परवानग्या आणि लेबलशी चाललेला वाद यांपायी त्यांचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले ते ३ मार्च २०२३ ला. गटातले डेव्ह जोलिकर त्याच्या तीनच आठवडे आधी वारले होते. एवढ्या मोठ्या नावाची ही कथा, तर पाचशे प्रती छापलेल्या, वर नावही न छापलेल्या पांढऱ्या लेबलाच्या बारा इंची रेकॉर्डचं काय होत असेल!

यावर ठरलेलं उत्तर असतं की सगळं नेटवर आहे. नाही. मायस्पेसवर २००३ पासून लोकांनी चढवलेली गाणी होती. मार्च २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०१५ च्या आधीचं सगळं सर्व्हर हलवताना गेलं. पाच कोटींवर गाणी. व्हिडिओ साइटवर कुणी चाहता आपली कॅसेट चढवतो, खाली वाजवणाऱ्यांची नावं नसतात, आणि एक दिवस हक्काचा दावा येऊन तीही उतरते. स्ट्रीमिंगच्या यादीत कितीदा असं होतं की अल्बमातली नऊ गाणी वाजतात आणि तीन फिक्या राखाडी अक्षरांत नुसती दिसतात. दाबा, काही होत नाही. त्या तिन्ही गाण्यांचा करार संपलेला असतो किंवा सॅम्पलची परवानगी अडलेली असते. कंपनीच्या लेखी त्या तीन गाण्यांसाठी वकिलाला फी देणं परवडत नाही. तिचं गणित बरोबर आहे. म्हणूनच हे तिच्या गणितावर सोडता येत नाही.

कायदा काय म्हणतो? युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं. त्या बदल्यात कलाकारांना एक कलम दिलं: कंपनी मुद्रण बाजारात ठेवत नसेल तर कलाकाराने नोटीस द्यावी, आणि वर्षभरात कंपनी हलली नाही तर हक्क परत घ्यावा. ब्रिटननेही ते २०१३ पासून लागू केलं. तत्त्व उत्तम आहे. मेख अशी की हे कलम ५० वर्षं उलटल्यावर जागं होतं. १९९९ मध्ये निघालेल्या स्टेट ऑफ बेंगॉलच्या ‘व्हिज्युअल ऑडिओ’ला ही सोय मिळणार २०४९ नंतर. सॅम झमान २०१५ मध्येच गेले.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा. गंमत म्हणजे आपल्या १९५७ च्या कायद्यातलं कलम १९(४) युरोपाच्या किती तरी पुढे आहे. हक्क लिहून घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरला नाही तर ते हस्तांतर रद्द समजावं, असं ते सांगतं. पण पुढे शेपूट आहे: करारात वेगळं काही नमूद नसेल तर. कुठली कंपनी ते नमूद करायला विसरेल? शिवाय ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माताच धरला जातो. मुळात हस्तांतरच नाही, तर रद्द काय होणार? कलम ३१ खाली जनतेपासून रोखून ठेवलेल्या कृतीसाठी सक्तीचा परवाना मागता येतो खरा, पण त्यासाठी मालकाने नकार दिला हे दाखवावं लागतं. तो धड नकारही देत नाही. पत्राला उत्तरच येत नाही.

म्हणून माझी एक मागणी अशी: ध्वनिमुद्रण सलग दहा वर्षं कुठेच विकत किंवा ऐकायला उपलब्ध नसेल तर ते प्रसिद्ध करण्याचा हक्क वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांकडे, ते हयात नसतील तर वारसांकडे, आपोआप जावा, आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी जावा. दहा वर्षं जी वस्तू दुकानात मांडली नाही, तिच्यापासून आपल्याला उत्पन्न होतं असा दावा कंपनी कुठल्या तोंडाने करणार? छापण्याचा खर्च आता नाही. फाइल चढवायची आहे.

यात एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. या पोरांनी जे सॅम्पल उचलले, त्यातले पुष्कळसे हिंदी चित्रपटगीतांच्या रेकॉर्डवरचे. हक्क एचएमव्हीकडे, म्हणजे आताच्या सारेगामाकडे. पण वाजवलं होतं कुणी? मुंबईच्या स्टुडिओत बसून व्हायोलिन, ट्रंपेट वाजवणारे बरेच जण गोव्याहून आलेले वादक होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही संयोजकांची नावं आता जाणकारांना तरी ठाऊक झालीत. मागे बसलेल्या रांगा निनावीच राहिल्या. दिवसाची बिदागी घ्यायची आणि लोकल पकडायची. लंडनच्या पोराने त्यांच्या व्हायोलिनचे चार स्वर उचलले, तेव्हा त्यालाही ती नावं माहीत नव्हती आणि त्याने विचारलीही नाहीत. उद्या हक्क लंडनच्या पोराला परत मिळाला, तरी या वादकांना काही मिळणार नाही. माझ्या मागणीने ही दुसरी बाजू सुटत नाही. तिच्यासाठी वादकांच्या नोंदीपासून सुरुवात करावी लागेल. मात्र ही अडचण पुढे करून कंपन्या सगळंच अडवून धरतात, तेव्हा त्यांना त्या वादकांचा कळवळा आलेला नसतो हे आपण ओळखून असावं.

हक्काचा वाद वर्षानुवर्षं चालेल. तोवर वस्तू शिल्लक राहायला हवी. मला तर हे हक्कापेक्षाही तातडीचं वाटतं, आणि इथे ब्रिटन आणि भारत एका माळेचे मणी आहेत. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावीच लागते, पण नुसतं ध्वनिमुद्रण असेल तर तो कायदा लागू नाही. तिथला ध्वनिसंग्रह लेबलांच्या मर्जीवर आणि दानावर चालतो. फ्रान्समध्ये मात्र ध्वनिमुद्रणाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणं सक्तीचं आहे. एशियन डब फाउंडेशनला ब्रिटनने ओळखण्याआधी फ्रेंच श्रोत्यांनी डोक्यावर घेतलं आणि १९९७ चा त्यांचा अल्बम आधी तिथेच निघाला. म्हणजे पूर्व लंडनच्या पोरांचा राग जपण्याची कायदेशीर जबाबदारी पॅरिसवर आणि लंडनवर नाही, असा हा मामला.

आपल्याकडे १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना द्यायची. या कायद्याच्या जोरावर मुंबईत दरवर्षी किती भिकार कादंबऱ्या, गाइडं आणि पंचांगं दाखल होतात! व्हायलाच हवीत. चांगलं-वाईट ठरवणं ग्रंथपालाचं काम नाही. पण कॅसेट, सीडी, ध्वनिफाइल यांना त्या दारातून प्रवेश नाही. त्याची फळं काय असतात ते चरणजित सिंग यांच्या गोष्टीत दिसतं. मुंबईतल्या या स्टुडिओ-वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती पडून राहिली. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत एक प्रत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. मग जगाला शोध लागला की ॲसिड हाउस या शिकागोतल्या क्लब-संगीताचा तो विशिष्ट आवाज शिकागोच्या आधी मुंबईत ऐकू आला होता. सत्तरीतल्या चरणजितजींना परदेशातून बोलावणी आली. ही गोष्ट लोक आनंदाने सांगतात. मला त्यात लाज दिसते. एक डच माणूस एका दुकानात शिरला नसता तर?

नव्वदीतल्या महाराष्ट्रातल्या शाहिरी आणि भीमगीतांच्या कॅसेटीही याच रांगेत आहेत. जुलै १९९७ मध्ये, घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर स्वतःला संपवणारे विलास घोगरे यांच्यासारख्या शाहिरांचा आवाज आज ज्या रूपात उरला आहे, तो सोबत्यांनी आणि माहितीपटवाल्यांनी राखला म्हणून. कायद्याने त्यातल्या एकाही सेकंदाची जबाबदारी घेतलेली नाही.

म्हणून माझी दुसरी मागणी: पुस्तकांप्रमाणे ध्वनिमुद्रणाची प्रतही ग्रंथालयात जमा करणं सक्तीचं करा. जमा केलेली प्रत लगेच सर्वांना ऐकवा, असं मी म्हणत नाही. ग्रंथालयात बसून, हेडफोन लावून ऐकता आली तरी पुष्कळ आहे. कंपन्या म्हणतील की चोरी होईल. पुस्तकांच्या बाबतीत सत्तर वर्षांत प्रकाशक या कायद्याने बुडाले नाहीत. सरकार म्हणेल की जागा नाही. नव्वदीतल्या एका गटाचं सगळं काम खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतं. कायदा नव्याने करायचीही गरज नाही. १९५४ च्या कायद्यात सुरुवातीला फक्त पुस्तकं होती. वृत्तपत्रं राहून गेली हे लक्षात आल्यावर १९५६ मध्ये दुरुस्ती करून ती घालण्यात आली. तेवढ्याच लांबीची आणखी एक दुरुस्ती लागेल.